गादीवाफा

गावी म्हणतात गादीवाफा.
सोहारच्या कॅम्पात मी अकरा वर्षं झोपलो
दुमजली लोखंडी खाटेवर, वरच्या बाजूला,
तेव्हा गादी म्हणजे तीन इंच फोम होता.
आता खोली आहे, खोलीमागे चार पावलं अंगण,
झुलेखा आली आहे
आणि तिला लाल माठ लावायचा आहे.

"जमिनीत नको," घरमालक खल्फान म्हणाला,
"खाली सगळं खारं. ही विहीर गोड होती,
माझा बाप पाणी प्यायचा हिचं."
बोट मातीत बुडवून त्याने जिभेला लावलं, थुंकला.
म्हणजे माती उचलून धरायची, मिठाच्या वर,
पुरातून पोर नेतात तशी.

धरायची, पण कशात?

मी स्टोअरकीपर. जन्मभर
दुसऱ्यांच्या भिंतींना माल मोजून दिला.
पॅलेटची लाकडं फुकट आहेत, म्हटलं, पण शिक्का वाच.
एच टी असेल तर भट्टीत शेकलेलं, चालेल.
एम बी असेल तर विषारी धुरी दिलेलं,
ते चुलीतसुद्धा नको.
बत्तीस पॅलेट उलथी केली, सात बरी निघाली,
त्यातल्या पाचांशी वाळवीची जुनी ओळख.
स्लॅबखालच्या फळ्या? त्या डिझेल प्यालेल्या.
पत्रा?
भर दुपारी दोन वाजता
झुलेखाने पत्र्यावर तळहात ठेवला.
तव्याला न भिणारी बाई, तिनेही हात झटकला.
"मुळं काय बोंबलायला येणार आहेत?"
म्हणाली, आणि आत गेली.

मला खरं तर खजूर हवा होता.
खल्फानचा एक आडवा पडला होता कुंपणापाशी,
खवल्याखवल्याचा, माणसाच्या मिठीएवढा.
कापून चारी बाजूंना ठेवला की झाला वाफा,
लाकूड पुन्हा लाकडाच्याच कामी.
शंबे सुतार करवत घेऊन आला. दोन हात ओढले
आणि थांबला. कान लाव म्हणाला.
आतून करकर, करकर,
कुणी सुकी भाकरी खातंय अंधारात.
सोंड्या भुंगा. आमच्या माडांनाही हाच लागतो.
खल्फान उकिडवा बसला खोडापाशी,
बराच वेळ बसला.
मग म्हणाला, जाळा.
त्या रात्री वाफ्याचा विषय कुणी काढला नाही.

राहिले ब्लॉक. कोपरे उडालेले,
साइटवर नापास झालेले, चौसष्ट.
पावतीवर देणारा: मुकादम. घेणारा: मुकादम.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
दोन्ही सह्या माझ्या.

सिमेंटच्या दोन गोण्या काढतोय, म्हटलं,
तर ती हसली. "सिमेंट कशाला? गडगा घाल."
बाणकोटला तिच्या बाबांनी घातलेला,
जांभ्यावर जांभा, मध्ये काही नाही,
नुसतं वजन आणि बसवणाऱ्याची नजर.
हलवायचा झाला तर हलतो,
नाहीतर म्हशी टेकतात तरी उभा.
(माझा व्हिसा जूनपर्यंत. हे ती बोलली नाही.)

तीन थर रचले. आतून तांदळाची गोणपाटं.
ऊन परतावं म्हणून बाहेरून चुना,
स्टोअरच्या धंद्यात राहून
कुणालाही न फसवता लावलेला हा पहिला चुना.
ब्लॉकच्या भोकांत पुदिना, एका भोकात ओवा,
एका भोकात शंबेची विसरलेली पेन्सिल.
टेम्पोवाला माती ओतून गेला,
इथे तिला गोडी माती म्हणतात, पैसे मोजून गोडी.

माठाचं बी खसखशीएवढं, काळं.
झुलेखाने ते वाळूत कालवलं,
भातावर मीठ भुरभुरावं तसं सोडलं, आणि जीभ चावली:
"मिठाचं नाव नको काढायला."

सहाव्या दिवशी लाल सुया वर आल्या.
खल्फान आला, हात मागे बांधून,
गडग्याभोवती फिरला, एक ब्लॉक ढकलून पाहिला.
मग बोट बुडवलं आमच्या मातीत,
जिभेला लावलं.
काही बोलला नाही.
पुन्हा एकदा चाखली.